खाडाखोड

फायर हॉलमध्ये अकरा खुर्च्या, नऊ माणसं.
हीटर खोकतोय. बाहेर उणे चौदा,
खाडीवर बर्फाची साय धरलेली.
कार्यक्रमपत्रिकेवर एकच ओळ: विकी कुठली घ्यायची.
ती मी टाइप केली,
म्हणून उत्तरही मीच आणायचं, असं ठरलेलं.

मी इथली पोस्टमास्तरीण. न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
पत्रं आता फारशी येत नाहीत,
गावाचे न सुटणारे गुंते तेवढे काउंटरवर येतात.

आम्हाला लिहून ठेवायचेत बुडीत खडक.
चर्चचा कळस आणि पार्डींची लाल शेड
एका रेषेत आली की खाली ‘म्हातारीची दाढ’.
त्या रेषेवर कॉड मिळायचा. आता मिळत नाही.
शेड गेल्या वर्षी पाडली.
सगळी नावं येणारे चौघेच उरलेत,
त्यातल्या एकाला वार कळत नाही.

पहिली विकी देखणी.
महिना अठरा डॉलर, आणि सगळं त्यांच्या घरात.
लिअँडर पार्डी म्हणाला, ‘भाडं थकलं तर खडक त्यांचे का?’
कुणी हसलं नाही.
व्यापाऱ्याच्या वहीत तीन पिढ्या काढलेलं गाव आहे हे.

दुसरी फुकट, हलकी, पण मागचं काही ठेवत नाही.
लिअँडरनं दाढेचं पान उघडलं,
जाड अंगठा भलतीकडे पडला
आणि खडक गेला.
तो स्क्रीनकडे बघत राहिला.
‘इतक्या सहज जाणारा असता,’ म्हणाला, ‘तर माझ्या बापाची होडी’
आणि वाक्य तिथेच सोडून चहा आणायला उठला.

तिसरी रुक्ष. राखाडी.
साध्या मजकुराच्या फायली:
कंपनी बुडो, मी मरो,
कुठल्याही मशीनवर उघडतील.
आणि तिला सगळं आठवतं.
कोणी, किती वाजता, कुठला स्वल्पविराम.

म्हणजे एक पाण्यावरची रेघ
आणि एक काळ्या दगडावरची.
आमचे दगड काळेच आहेत.
मला वाटलं, निकाल लागला.

रविवारी चाचणीची पानं आवरताना
दाढेचा इतिहास उघडला.
व्हर्ना कीपिंग, पहाटे दोन चाळीस, अधिक:
दाढेच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर, माझा गस.
त्या दिवशी धुकं नव्हतं.
सगळे सांगतात, होतं.
दोन त्रेचाळीस, वजा:
तेच.

काढलेल्या ओळी ही विकी लाल रंगात दाखवते.
मी खिडकीचा पडदा ओढला,
जणू कोणी बाहेरून वाचेल.

सोमवारी ती तिकिटं घ्यायला आली.
हातमोजे न काढताच विचारलं,
‘त्यात पुसलेलं पुसलं जातं ना गं?’
हो म्हणणं किती सोपं होतं.
‘नाही,’ मी म्हणाले, ‘वरून दिसत नाही. शोधणाऱ्याला दिसतं.
सांगशील तर मुळापासून काढते,
ती किल्ली माझ्याकडे आहे.’

व्हर्ना पार्सलच्या काट्याकडे बघत राहिली.
काटा शून्यावर, किंचित थरथरत.
‘वरून दिसत नाही. पण असतं.’
‘हो.’
‘मग खडकासारखंच झालं की ते.’
पैसे मोजून ठेवले, एक नाणं जास्त.
मी हाक मारली, ती थांबली नाही.

गुरुवारी मतदान. सात विरुद्ध दोन.
लिअँडर विरोधात, सवयीनं.
टॅम्सिन शाळेतलं जुनं मशीन देणार,
पंखा बदलावा लागेल.
व्हर्नानं हात वर केला तो इतरांच्या आधी,
आणि खाली घेतला सगळ्यांनंतर.

इतिवृत्तात मी लिहिलं: तिसरी.
‘कारण’ या शब्दापुढं काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं, खोडलं.
शाईचं पेन होतं.
उजेडाकडे धरलं तर दोन्ही वाचता येतात.